गुरुवारची सुट्टी

"बाराशेची आई कोण?"

दार अर्धं उघडून सिस्टरनी विचारलं, तशा बाकावर बसलेल्या आम्ही चौघी एकमेकींकडे बघायला लागलो.

"बाराशे म्हणजे?" मी विचारलं.

"बाराशे ग्रॅम. तीन नंबरचा वॉर्मर. तुमचीच ना मुलगी? चला मग. हात धुवा, कोपरापर्यंत. घड्याळ, बांगड्या, ते मनगटाला बांधलेलं काळं-लाल जे काय आहे ते, सगळं पर्समध्ये."

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. नगरमधलं लहान मुलांचं एक खाजगी हॉस्पिटल, दुसरा मजला, डिसेंबर महिना. माझी मुलगी आठवा महिना लागायच्या आधीच जन्माला आली होती. तिचं नाव ठेवायचं धाडस घरात कुणी करत नव्हतं. घरी आली की बघू, असं सासूबाई म्हणायच्या आणि विषय बदलायच्या. पण आत, काचेपलीकडे, तिला पहिल्याच दिवशी नाव मिळालं होतं. तिथे सगळ्याच बाळांना जन्माच्या वजनावरून हाक मारायचे. शेजारच्या वॉर्मरवर, म्हणजे उबेच्या पाळण्यात, साडेनऊशे होता. खिडकीपाशी जुळ्या बहिणी होत्या, थोरली सोळाशे आणि धाकटी चौदाशे. ही सगळी बारशी एस्तेर सिस्टरनी घातलेली.

एस्तेर पाटोळे. चाळिशीच्या आसपासच्या, ठेंगण्या, भरल्या अंगाच्या. जिन्यात त्यांचं बोलणं खालच्या मजल्यापर्यंत ऐकू यायचं, पण ते काचेचं दार ओलांडलं की आवाज एकदम अर्ध्यावर. बाळांशी बोलताना तर नुसते ओठ हलल्यासारखं वाटायचं.

मला बघत बसायची सवय आहे. माझी आई त्याला संशयी स्वभाव म्हणते. त्या काचेतून मी दिवसच्या दिवस बघितलं. कोण हात नीट धुतं, कोण नुसता सॅनिटायझर चोळतं, कोण बाळाची कूस बदलताना मोबाइल खांद्याला लावून बोलतं. अलार्म वाजला की बहुतेक जणी आधी मशीनकडे बघायच्या. एस्तेर सिस्टर आधी बाळाकडे बघायच्या. एवढ्या एका गोष्टीवरून मी ठरवून टाकलं होतं, की माझी मुलगी वाचेल तर ह्या बाईच्या हातून वाचेल. बाकीच्या सिस्टर वाईट होत्या असं नाही. पण त्या वेळी मला एकच माणूस पुरत होतं, आणि ते माणूस ड्यूटीवर नसलं की मी काचेपासून हलायचे नाही.

मुलीच्या नाकातून पोटापर्यंत बारीक नळी होती. माझं दूध त्या नळीतून जायचं. दिवसातून दोनदा सराव म्हणून एस्तेर सिस्टर तिला बोंडल्यानं पाजायच्या. स्टीलचं, चिमणीच्या चोचीसारखं टोक असलेलं हॉस्पिटलचं बोंडलं. पंधराव्या दिवशी त्यांनी ते माझ्या हातात दिलं. मी दोन थेंब घातले, तिला ठसका लागला, ओठांभोवती निळसर झालं आणि मशीन किंचाळायला लागलं. माझ्या हातातून बोंडलं खाली पडलं. सिस्टरनी तिला उचलून पालथं धरलं, पाठीवर दोन बोटं चोळली, आणि अर्ध्या मिनिटात ती पुन्हा गुलाबी झाली. पण त्यानंतर मी बोंडल्याला हात लावला नाही. "उद्या," म्हणायचे रोज. सिस्टर म्हणायच्या, "बरं, उद्या."

शनिवारी राउंडला डॉक्टर म्हणाले, "येत्या गुरुवारी नळी काढून टाकू. दिवसभर बोंडल्यावर राहिली तर पुढच्या आठवड्यात घरी जायचा विचार करता येईल."

मी आनंदानं रडले आणि लगेच गुरुवारची काळजी सुरू केली. सोमवारी दुपारी पल्लवी सिस्टर कुणाला तरी सांगताना ऐकलं, "गुरुवारी मॅडम सुट्टीवर आहेत, आत मी एकटीच." मॅडम म्हणजे एस्तेर सिस्टर. पल्लवी तेवीस-चोवीस वर्षांची, लागून सहा महिने झालेले. मुलगी तिच्या हातून पाच मिली पण नीट घ्यायची नाही.

मी कुणाला काही न विचारता सरळ खाली गेले. काउंटरच्या मागे काचेच्या खोलीत मॅनेजर कुलथे बसायचे. पगार, बिलं, ड्यूटी सगळं त्यांच्याकडे.

"सर, गुरुवारी एस्तेर सिस्टरना सुट्टी देऊ नका," मी म्हणाले.

"का बरं मॅडम?"

"आमच्या बाळाची नळी त्या दिवशी निघणार आहे. ती दुसऱ्या कुणाकडून पीत नाही. एका दिवसाचा प्रश्न आहे. सिस्टर शुक्रवारी घेतील की सुट्टी."

कुलथे साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बरं झालं तुम्ही येऊन सांगितलंत. पालकांचं समाधान आमच्यासाठी पहिलं."

ते इतके खूश का झाले ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, माणूस सज्जन आहे. वर येताना पायऱ्या हलक्या वाटल्या. माझ्या नवऱ्याला, अमोघला, मी ह्यातलं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही केलंय असंच मला वाटत नव्हतं.

मंगळवारी अकराच्या सुमाराला मी दूध काढायच्या खोलीत बसले होते. लहानशी खोली, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, पडदा. एस्तेर सिस्टर आल्या आणि चक्क शेजारच्या खुर्चीत बसल्या. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"काय ओ बाराशेची आई, तुम्ही कॉलेजात शिकवता ना? काय शिकवता?"

"अर्थशास्त्र. पण कायम नाहीये. तासिका तत्त्वावर."

"म्हणजे?"

"जितके तास घेतले तितके पैसे. सुट्टीचे नाहीत. बाळंतपणाचे तर नाहीतच."

"म्हणजे आमच्यातल्याच की तुम्ही." त्या हसल्या. "बरं, मग अर्थशास्त्र सांगा. मला पगार किती असंल?"

मी संकोचले. वर्गात मी मुलांना मजुरी कशी ठरते त्याचे सिद्धांत फळ्यावर लिहून द्यायचे, पण समोरच्या माणसाला पगार विचारायची माझी कधी हिंमत झाली नव्हती. "पंचवीस?"

"साडेसोळा. सात वर्षांनी. लागले तेव्हा नऊ होता."

मला खरं वाटलं नाही. इथल्या एका दिवसाच्या बिलाचा आकडा माझ्या डोक्यात होता. "पण तुम्हाला तर सगळं येतं."

"येतं त्याचे पैसे कुठं देतात? तुम्ही ऐका तर. मी जीएनएम, साडेतीन वर्षांचा डिप्लोमा. ती पल्लवी बीएस्सी नर्सिंग, चार वर्षांचा. लागताना ती माझ्या लागण्यापेक्षा किती तरी वर लागली, आणि अजून दोन वर्षांत माझ्या पुढं जाईल. नळी घालायला तिला मी शिकवलं, पण डिग्री ती डिग्री. पोरगी गुणी आहे, तिचा काय दोष. नाइट केली तर दीडशे वर. आता इथं आत तुमच्या बाराशेला सांभाळलं काय नि खाली ओपीडीत केसपेपर फाडले काय, पगार तोच."

"मग दुसरीकडे?"

"पुण्यात मोठ्या हॉस्पिटलात पंचवीस-सव्वीस देतात. पण खोलीचं भाडं जातं, आणि माझी आई इथं एकटी. माझ्या बॅचच्या दोघी आखातात गेल्या, त्यांना लाखाच्या वर आहे. मी निघाले होते तेव्हा वडील अंथरुणाला खिळले. सहा वर्षं." हे त्या अगदी सहज, बसचा थांबा चुकल्यासारखं बोलल्या.

"आणि सरकारी?"

"सरकारीत हेच काम, हेच हात. पण महिन्याला पन्नासच्या पुढं. रजा वेगळी, आजारपण वेगळं, आणि कुणी उठून उद्यापासून येऊ नका म्हणत नाही."

"मग सरकारी परीक्षा का नाही दिलीत?"

"तीनदा दिली. एकदा दोन मार्कांनी गेली. एकदा भरतीच अडकली. ह्या वेळी यादीत नाव आलं." त्यांनी माझ्या हातातली वाटी घेतली, उजेडात धरून किती दूध झालंय ते बघितलं. "गुरुवारी नाशिकला कागद तपासणी होती. मूळ कागद घेऊन स्वतः हजर व्हायचं. नाही गेलं की आपलं नाव खोडून खालचं वर घेतात."

"होती म्हणजे?"

"सुट्टी रद्द झाली काल संध्याकाळी. आणि कागद आहेत खाली ऑफिसच्या कपाटात. मार्कलिस्टा, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, सगळं मूळ. लागतानाच घेऊन ठेवतात, बाँडसाठी, मुदतीआधी कुणी सोडून जाऊ नये म्हणून. दर वेळी पगार वाढवला की बाँड पण वाढवतात. मोठे डॉक्टर हो म्हणाले होते, एक दिवस कागद घेऊन जाऊन ये म्हणून. कुलथे साहेबांना ते आवडलंच नव्हतं. आता त्यांना कारण मिळालं, पेशंटची अडचण आहे म्हणतात."

"पुढच्या भरतीला जाता येईल ना?"

"पुढच्या भरतीला मी वयात बसत नाही ताई."

त्या वाटीवर चिकटपट्टी लावून वेळ लिहीत होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. माझे कान तापले होते. मी पंप दाबत राहिले, पण दूध यायचंच थांबलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "आज एवढं पुरे."

संध्याकाळी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये अमोघला म्हणाले, "मी एक चूक केलीय."

"किती मोठी?"

"महिन्याला पस्तीस हजारांची."

मी सगळं सांगितलं. तो स्कूटरच्या सीटवर बोटानं रेघा ओढत ऐकत राहिला. मग म्हणाला, "मग जाऊन सांग, की सुट्टी द्या."

"आणि गुरुवारी हिला कोण पाजणार?"

त्यानं सीटवरच्या रेघा तळहातानं पुसून टाकल्या. म्हणाला, "शर्वरी, मी पाजलं असतं. पण बापांना अजून आत घेत नाहीत."

"म्हणजे मीच."

"मी कुठे काय म्हटलं?"

बुधवारी सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या मी कुलथे साहेबांसमोर होते.

"सर, माझी त्या दिवशीची विनंती मागे घेतेय. सिस्टरना जाऊ द्या."

"आता कसं होईल मॅडम? ड्यूटी लावून झाली."

"पण मीच सांगितलं होतं आणि मीच नको म्हणतेय."

"आज म्हणताय. उद्या बाळाला ठसका लागला की तुम्हीच इथे उभ्या राहून विचाराल, अनुभवी सिस्टर कुठे गेली म्हणून." हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर रागाचा लवलेश नव्हता. आणि खरंच होतं ते. मी तस्संच विचारलं असतं.

मग मी वर जाऊन राउंडची वाट बघत दारात उभी राहिले. डॉक्टर साठीचे, फार कमी बोलणारे. मी त्यांना एका दमात सांगून टाकलं, की सिस्टरना उद्या जाऊ द्या, बाळाला दिवसभर मी पाजते. कुणामुळे सुट्टी रद्द झाली ते मात्र मी सांगितलं नाही. एस्तेर सिस्टर तिथेच चार्ट घेऊन उभ्या होत्या.

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुम्हीच ना त्या, ज्यांनी घाबरून हातातलं खाली टाकलं होतं?"

"बोंडलंच टाकलं सर," एस्तेर सिस्टर म्हणाल्या. "बाळ नाही टाकलं."

डॉक्टर हसले का खोकले ते कळलं नाही. "आज नळी राहू दे. चार वाजताचं फीड ह्या माझ्यासमोर देतील. मग ठरवू."

चारच्या आधी दोन फीड होती, दहाचं आणि एकचं. सिस्टरनी मला स्टुलावर बसवलं, मुलीला कापडात गुंडाळून माझ्या डाव्या हातावर दिलं. जेमतेम दीड किलोचं ते बोचकं. तिच्या कानावरची लव मला दिसत होती.

"खालच्या ओठाला टोक लावा. ओतायचं नाही. ती जीभ बाहेर काढंल. काढू द्या. हां, आता एक थेंब. थांबा."

मी थांबले आणि मशीनवरच्या ऑक्सिजनच्या आकड्याकडे बघितलं. चौऱ्याण्णव. त्र्याण्णव.

"कुठं बघताय?"

"कमी होतंय सिस्टर."

त्यांनी मॉनिटर धरून स्वतःकडे वळवला. मला आता नुसती त्याची पाठ दिसत होती, धुळकट वायरींची. "मशीन बघायचा पगार मला आहे. तुम्ही हिचा घसा बघा. घोट उतरला की पुढचा थेंब. नाही उतरला तर बसून राहायचं. कुठं गाडी पकडायचीय आपल्याला?"

दहाच्या फीडला विसातले सात मिली गेले, बाकीचं नळीतून दिलं. एकच्या फीडला बारा गेले आणि एकदा ठसका लागला. मी बाळ सिस्टरपुढे धरलं, पण त्यांनी घेतलं नाही. "तुमचंच आहे, तुम्हीच पालथं करा," म्हणाल्या. मी केलं. दोन बोटांनी पाठ चोळली. ती रडली, मांजरीच्या पिल्लासारखं, आणि तो आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं की मीपण रडायला लागले.

"दोघींनी रडायचं नाही," सिस्टर म्हणाल्या. "एकीनं पाजायचं."

चारला डॉक्टर येऊन समोर हात मागे बांधून उभे राहिले. दहा मिली गेले आणि मुलगी थांबली. डोळे मिटलेले, तोंडात थेंब तसाच. चेहरा लाल व्हायला लागला. मी बोंडलं बाजूला केलं आणि नुसती बसून राहिले. पायाच्या तळव्याला बोट लावलं. किती सेकंद गेले कोण जाणे. मग तिचा घसा हलला. मी पुढचा थेंब दिला. वीस मिलीला सोळा मिनिटं लागली.

"ठीक," डॉक्टर म्हणाले. "पाटोळे, उद्या जाऊन या. नळी आपण उद्याच काढू, पल्लवी लक्ष ठेवेल."

मला वाटलं, झालं. पण पाच वाजता पाणी भरायला खाली गेले तर काचेच्या खोलीत एस्तेर सिस्टर उभ्या होत्या आणि कुलथे साहेब मान हलवत होते.

"सुट्टी डॉक्टरांनी दिली, माझं काही म्हणणं नाही. कागदांची जबाबदारी माझ्यावर आहे. मागच्या वर्षी दोघी एका दिवसासाठी म्हणून कागद घेऊन गेल्या. अजून येतायत."

"मी येईन ओ साहेब. माझी आई इथं, घर इथं."

"त्यांचीपण घरं होती."

"आईची पाटली ठेवते."

"सोनं मी ठेवून घेत नाही. उद्या काही कमी-जास्त झालं तर?"

मी दार ढकलून आत गेले. का गेले ते सांगता येत नाही. "मूळ कागदांच्या बदल्यात मूळ कागद चालतील का?"

"कुणाचे?"

"माझे. दहावीपासून एमएपर्यंत, आणि सेटचं सर्टिफिकेट. त्याशिवाय मला कुठल्याच कॉलेजात पाय ठेवता येणार नाही. शुक्रवारी सिस्टर परत आल्या की द्या."

कुलथे साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही मीच तीन नंबरच्या वॉर्मरमध्ये असायला हवी होते. "मॅडम, तुम्ही कशाला ह्यात पडताय?"

"नाही आल्या तर त्यांच्या जागी मला ठेवा. तीन-तीन तासांनी पाजता येतं मला. डॉक्टरांनी बघितलंय."

ते हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. मी फोन केला आणि अमोघ अर्ध्या तासात केडगावच्या घरून फाइल घेऊन आला. त्यानं एका शब्दानं विचारलं नाही, फक्त जिन्यात म्हणाला, "सेट पास व्हायला तुला चार वर्षं लागली होती, एवढं लक्षात आहे ना?" कुलथे साहेबांनी माझा एकेक कागद उलटून बघितला, पावती लिहिली, लोखंडी कपाट उघडलं, एक पिवळं पाकीट काढलं आणि त्या जागी माझी निळी फाइल सरकवली.

एस्तेर सिस्टरनी पाकीट घेतलं. आत बोटं घालून एक कागद अर्धा वर काढला, बघितला, पुन्हा आत सरकवला. सात वर्षांत त्यांनी तो बघितला नसावा.

"हे कशाला केलंत तुम्ही?" बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं.

"असंच."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "पहिल्या एसटीनं जाते. पल्लवीला सगळं सांगून ठेवलंय. घोट उतरल्याशिवाय पुढचा थेंब नाही."

तो गुरुवार मला मिनिटामिनिटानं आठवतो आणि सांगण्यासारखं त्यात काहीच नाही. सकाळी नळी निघाली. नाकाखाली चिकटपट्टीची लाल खूण राहिली. मी सातला पाजलं, दहाला पाजलं, एकला पाजलं. एकला दोनदा ठसका लागला. पल्लवी माझ्या इतकी जवळ उभी होती की तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता. घाबरलेल्या आम्ही दोघीही होतो, पण कुणीच ते कबूल केलं नाही. चारला मुलगी पंचवीस मिली पिऊन झोपली आणि पल्लवी म्हणाली, "मॅडम आल्या की सांगा हं, माझ्यासमोर प्यायली म्हणून."

साडेपाचला माझा फोन वाजला. नाशिकच्या स्टँडवरचा गोंगाट आधी ऐकू आला, मग सिस्टरचा आवाज.

"प्यायली का?"

"प्यायली. सगळी फीड. तुमचं काय झालं?"

"किती किती घेतलं ते सांगा आधी."

मी सगळे आकडे सांगितले. त्यांनी प्रत्येकाला हं, हं म्हटलं. मग म्हणाल्या, "राहिलं नाव. कागद बघितले, शिक्का मारला. गाडी लागली, ठेवते."

शुक्रवारी सकाळी आठला त्या ड्यूटीवर हजर होत्या. वर येण्याआधी पिवळं पाकीट कपाटात ठेवून माझी फाइल घेऊन आल्या आणि हात धुवायच्या बेसिनवर ठेवली. "मोजून घ्या," म्हणाल्या. त्याबद्दल तेवढंच.

नंतर बारा दिवसांनी आम्ही मुलीला घरी नेलं. तिचं नाव मैथिली ठेवलं. सिस्टरच्या नेमणुकीची ऑर्डर यायला मार्च उजाडला. लांबच्या अकोला शहरातलं नव्हे, आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातलं एक ग्रामीण रुग्णालय, हे सांगताना सिस्टर फोनवर दोनदा हसल्या. बाँडच्या नियमाप्रमाणे त्यांनी दोन महिने आधीच नोटीस दिली होती. आईला घेऊन जाणार होत्या. तिथे आवारातच राहायला खोली होती.

त्यांच्या शेवटच्या आठवड्यात मी मैथिलीला डोळे तपासायला म्हणून घेऊन गेले. खरं तर डोळ्यांची तारीख पुढच्या आठवड्यातली होती. मी ती बदलून घेतली होती. तीन महिने एक वाक्य माझ्या तोंडाशी येत होतं आणि मी ते गिळत होते.

सिस्टर बाहेर आल्या, मैथिलीला खांद्यावर घेतलं, तिच्या मांड्या चाचपल्या. "मस्त झालीय. लाडावलीय पण."

"सिस्टर, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. त्या वेळी तुमची सुट्टी..."

"तुम्हीच रद्द करायला लावली होती."

"तुम्हाला कसं कळलं?"

"रजिस्टरमध्ये लिहिलं होतं ओ. तीन नंबरच्या आईच्या सांगण्यावरून. मंगळवारी आल्या आल्याच वाचलं मी."

"मंगळवारी? म्हणजे त्या खोलीत माझ्या शेजारी येऊन बसलात तेव्हा..."

"मग काय उगाच बसले होते होय? ड्यूटीवर बसायला वेळ असतो का मला? आणि पगार कुणी कुणाला सांगतं का? माझ्या आईलासुद्धा मी दोन हजार वाढवून सांगायचे."

मला हसू पण येत होतं आणि लाजही वाटत होती. "मग सरळ भांडला का नाहीत माझ्याशी?"

"भांडणारच होते. जिना चढताना सगळं जुळवून आले होते, काय काय बोलायचं ते." त्यांनी मैथिलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "पण तुम्ही बसल्या होत्या पंप घेऊन, तोंड एवढंसं करून. म्हटलं, हिच्याशी भांडलं तर हिचं दूध जाईल, हात थरथरंल, मग पोरीला कोण पाजणार? तुम्ही शिकलात तरच मला जाता येणार होतं. माझा पण स्वार्थच होता की त्यात."

"आणि मला नसतंच जमलं तर? त्या चार वाजता?"

मैथिलीनं त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी तोंडात घातली होती. सिस्टरनी ती हळूच सोडवली, ओल्या जागेवर अंगठा फिरवला.

"नसतं जमलं तर काय," त्या म्हणाल्या. "गुरुवारी आठला इथंच असते ना मी. भांडले मात्र असते मग."